घडीची सायकल आणि परतीचं तिकीट

बेळगावच्या टिळकवाडीतलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. खालच्या पार्किंगमधून एकदा सायकल चोरीला गेली, तेव्हापासून मोठी सायकल घ्यायचं मनात असूनही घेतली नव्हती. पुण्याच्या आतेभावाने त्याची वीस इंची चाकांची घडीची (फोल्डिंग) सायकल विकायला काढली आणि मी ती आणली. जिन्यातून उचलून वर न्यायची, दाराआड उभी करायची. सुरुवातीचे काही महिने एकटीच फिरले. पहाटे दुसरं रेल्वे गेट, काँग्रेस रोड, किल्ल्याच्या खंदकाला वळसा आणि घरी.

मग हळूहळू बाकीचे दिसायला लागले. उद्यमबागेत फौंड्री असलेले एक मामा, वडगावचा यंत्रमाग चालवणारा तरुण, शहापूरची माझी मैत्रीण. कॅम्पमधल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे तर भाच्याने लंडनहून आणलेली ब्रॉम्प्टन कंपनीची घडीची सायकल होती. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. गावात सात-आठ घडीच्या सायकली आहेत म्हटल्यावर वाटलं, रविवारी सगळ्यांनी मिळून जाऊ या.

पहिली राईड मी येळ्ळूरवरून राजहंसगडाची ठरवली. ओळखीच्यांना सांगितलं, त्यांनी आणखी ओळखीच्यांना सांगितलं, आणि वडगावच्या नाक्यावर आम्ही 11 जण जमलो. त्यातले चौघे मोठ्या गियरच्या सायकलींवर होते. येळ्ळूरपर्यंत सगळे एकत्र होते. गडाचा चढ लागला तशी ओळ तुटली. मोठ्या सायकलवाले दिसेनासे झाले, आम्ही मध्ये, आणि अक्का सगळ्यात मागे. मी थांबले तर म्हणाल्या, "तुम्ही जावा पुढं, मी जातो परत." आमच्याकडे बायकाही अशाच बोलतात, जातो-येतो. आणि त्या खरंच एकट्या परत फिरल्या.

वर सिद्धेश्वराच्या देवळाजवळ वारा छान होता, सगळे फोटो काढत होते, पण माझं लक्ष लागेना. संध्याकाळी फोन केला. अक्का म्हणाल्या, "रस्ता चांगला होता गं, खरं माझ्यामुळं सगळ्यांचा खोळंबा होतोय असं वाटलं." चूक माझी होती. ज्यांना बोलावलं त्यांच्यातल्या सगळ्यात हळू चालवणाऱ्या माणसाला दमल्यावर काय करता येईल, याचा मी विचारच केला नव्हता.

तोड मामांनी सांगितली. ते एवढंच म्हणाले, "सायकल घडीची आहे की आपली. मग परत येताना पायडल कशाला मारायचं?"

तिथून राईड ठरवायची आमची पद्धतच बदलली. आधी परतीचा रस्ता बघायचा, मग जायचा. बेळगाव मिरज-लोंढा मार्गावर आहे. दक्षिणेला देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी आणि लोंढा. उत्तरेला सांबरा, सुळेभावी, पाच्छापूर, घटप्रभा. पॅसेंजर गाडी यातल्या कुठल्याही स्टेशनावर घडी केलेल्या सायकलीसकट तुम्हाला उतरवते. मोठी सायकल न्यायची तर ती सामानाच्या डब्यात बुक करावी लागते. घडीची सायकल पिशवीत घातली की हातातलं सामान होते, आणि सेकंड क्लासच्या तिकिटावर 35 किलोपर्यंत सामान नेता येतं. बसमध्येही शेवटच्या सीटमागे ती मावते. त्यामुळे राईडमध्ये कुणीही, कुठेही, "मी आता इथून गाडीने येतो" म्हणू शकतो आणि त्यात कमीपणा वाटत नाही. आमच्या राईडला अनोळखी माणसं न घाबरता येतात ती एवढ्याचमुळे.

खानापूरची राईड ठरली तेव्हा तयारीला तीन आठवडे लागले. पहिली गोष्ट म्हणजे माणसं आठ. त्याहून जास्त नाहीत. खानापूरला गाडी थोडाच वेळ थांबते. आठ सायकली एकाच दाराने उतरवायच्या म्हणजे बाकीच्या प्रवाशांना त्रास, म्हणून चार-चार जण वेगळ्या डब्यांत. दोन शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना आमच्या पार्किंगमध्ये बोलावून घडी करायचा सराव घेतला. बहुतेकांच्या सायकलींना मधोमध एक बिजागरी आणि हँडलच्या दांड्याला दुसरी. ब्रॉम्प्टनची तऱ्हा निराळी. मागचं चाक आधी खाली वळवायचं, मग पुढचा भाग त्याच्या शेजारी आणायचा, शेवटी हँडल खाली. साधारण 58 × 56 × 27 सेंटिमीटरचं गाठोडं तयार होतं आणि ते आपलं आपण उभं राहतं. अँड्र्यू रिची यांनी 1975 साली लंडनमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये या सायकलीची आखणी सुरू केली. समोर ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च होतं, त्यावरून नाव पडलं. हे मी अक्कांच्या सायकलीकडे बघत सगळ्यांना सांगितलं तेव्हा मामा खाली बसून तिच्या बिजागरीवर बराच वेळ बोट फिरवत राहिले. ओतकामात आयुष्य गेलेला माणूस. "काय काम आहे बघ," एवढंच म्हणाले.

सरावात आणखी एक शिकलो. चेनची बाजू भिंतीकडे ठेवायची आणि वरून जुनी चादर घालायची. शेजारी बसलेल्या प्रवाशाच्या कपड्यांना वंगण लागलं की आपण कितीही चांगलं वागलो तरी उपयोग नाही.

खानापूरला उतरलो, प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन सायकली उघडल्या आणि निघालो. स्टेशनच्या बाहेरच्या गतिरोधकावर वडगावच्या तरुणाचा हँडलचा दांडा पुढे कलला. तो अगदी हळू होता, पाय टेकला, तळहात खरचटला, तेवढ्यावर निभावलं. सायकल उभी करून बघितली. दांड्याची कडी त्याने दाबली होती, पण तिच्यावरचा सुरक्षेचा छोटा खटका बसलाच नव्हता. वरून बघणाऱ्याला ती बंदच दिसत होती. खटका बसतो तेव्हा बारीकसा 'टक्' आवाज येतो, आणि स्टेशनवरच्या गडबडीत तो आवाज आला नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मी त्याला पाणी दिलं आणि माझेच हात थरथरत होते. तोच पुढे उतारावर असता तर?

त्या दिवसापासून नियम केला. आपली कडी आपण बंद करायची, पण तपासायची दुसऱ्याने. जोड्या ठरलेल्या असतात. जोडीदार मधली बिजागरी बघतो, हँडलची बघतो, कडी तळहाताने ओढून बघतो, सीटचा दांडा त्यावरच्या मर्यादेच्या खुणेपेक्षा वर आलेला नाही ना ते बघतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवायची. बिजागरीत खडखड जाणवली तर तो बोल्ट आवळल्याशिवाय निघायचं नाही. कडी फार सहज बंद होत असेल तर ती सैल झाली समजा. थोडा जोर लावावाच लागला पाहिजे. या तपासणीला पाच-सात मिनिटं जातात. कुणी घाई केली तर मी ऐकत नाही.

त्याच राईडला पंक्चरही झालं. मलप्रभेच्या काठी असोग्याला रामलिंगेश्वराचं देऊळ आहे. तिथून परत येताना मैत्रिणीच्या मागच्या चाकात काटा गेला, आणि बरोबर आणलेली ट्यूब तिच्या सायकलीची नव्हती. बाजारात एका छोट्या दुकानात लहान मुलांच्या सायकलीची 20 × 1.75 ची ट्यूब मिळाली आणि ती अगदी बरोबर बसली.

यातली खुबी सगळ्यांना माहीत असायला हवी म्हणून जरा सविस्तर लिहिते. नुसतं 'वीस इंची' म्हणून भागत नाही, कारण वीस इंची चाकांचे दोन प्रकार आहेत. एकाचा रिमवरचा व्यास 406 मिलिमीटर, दुसऱ्याचा 451. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात 47-406 असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा महत्त्वाचा. मुलांच्या जाड टायरच्या वीस इंची सायकली 406 च्या असतात, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक घडीच्या सायकलींना कुठल्याही तालुक्याच्या गावात ट्यूब मिळू शकते. सोळा इंचीचंही तसंच आहे. ब्रॉम्प्टनचं चाक 349 चं, मुलांच्या सोळा इंची सायकलीचं 305 चं. तिथे टायर अदलाबदल होत नाही, म्हणून अक्कांचा टायर आणि ट्यूब आम्ही कायम बरोबर ठेवतो. व्हॉल्व्हही बघून घ्या. गावातल्या पंपाला जुन्या सायकलींचा व्हॉल्व्ह चालतो, मोटारसायकलसारखा असेल तर तोंड वेगळं लागतं. आता प्रत्येक राईडला मी सगळ्यांचे टायरचे आकडे एका कागदावर लिहून खिशात ठेवते.

लोक विचारतात, एवढ्याशा चाकांवर जास्त पायडल मारावं लागत असेल ना? नाही. पेडलजवळचं दातेरी चक्र मोठं ठेवलेलं असतं, त्यामुळे एका फेऱ्यात सायकल जवळजवळ तेवढंच अंतर जाते. फरक खड्ड्यात कळतो. मोठं चाक ज्यावरून जातं त्यात लहान चाक आत उतरतं. म्हणून पुढचा माणूस हाताने दाखवतो आणि ओरडतो. आमच्यात दोघं-तिघं घरी कन्नड बोलणारे आहेत. 'खड्डा' आणि 'गुंडी' असं दोन्ही ओरडायचं ठरवलं होतं, आता सगळेच 'गुंडी' ओरडतात. 'निधान' म्हणजे सावकाश, हेही सगळ्यांच्या तोंडी बसलंय. राईडचा निरोप मात्र मी दोन्ही भाषांत लिहिते. कन्नड मजकूर वडगावचा तरुण तपासून देतो.

शब्दांची आणखी एक गोष्ट. आमच्या बेळगावात 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, मराठी माणसं काळा दिन पाळतात आणि सायकल फेरी काढतात. त्यामुळे इथे 'सायकल फेरी' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात तीच येते. त्या फेरीशी इथल्या घराघरांच्या आठवणी जोडलेल्या आहेत, माझ्याही. म्हणून आमच्या रविवारच्या जाण्याला आम्ही 'राईड' एवढंच म्हणतो, झेंडे-फलक नाहीत, सारखे टी-शर्ट नाहीत, आणि 1 नोव्हेंबरच्या आसपास राईड ठेवत नाही. सुरुवातीला एकाने टी-शर्टचा आग्रह धरला होता. मी नको म्हटलं आणि कारणही सांगितलं. कन्नड बोलणाऱ्या माणसालाही आणि मराठी बोलणाऱ्यालाही येताना मोकळं वाटलं पाहिजे.

रस्त्यावर दोन माणसं ठरलेली असतात, एक पुढे आणि एक शेवटी. शेवटच्याकडे पंप, ट्यूब आणि अॅलन कीचा संच. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही, आणि पुढच्याने प्रत्येक वळणावर शेवटचा दिसेपर्यंत थांबायचं. पुढे मी सगळ्यात वेगवान माणसाला ठेवत नाही. बहुतेक वेळा अक्काच पुढे असतात. त्यांचा वेग तो सगळ्यांचा वेग. मोठ्या सायकलवाले दोघं अजूनही येतात, पण शेवटी राहतात, आणि त्यांची काही तक्रार नाही.

आतापर्यंतची सगळ्यात चांगली राईड हलशीची झाली. खानापूरला रेल्वेने, तिथून नंदगडमार्गे सायकलने. नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे, 1831 साली इंग्रजांनी त्यांना तिथे फाशी दिलं. तिथे थोडं थांबलो. हलशी म्हणजे जुनी पलाशिका, कदंबांची दुसरी राजधानी. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, मध्ये उभं राहिलं की एकीकडे नृसिंह, दुसरीकडे वराह. सावलीत उप्पीट आणि केळी खाल्ली. परतीला तिघांनी बस धरली, त्यात मीही होते. गुडघा दुखत होता. अक्का पायडल मारत गेल्या आणि आमच्यानंतर अर्ध्या तासाने खानापूर स्टेशनावर आल्या तेव्हा मी त्यांच्यासाठी चहा घेऊन ठेवला होता.

पावसाळ्यात खानापूरकडे जाणं बंद. कणकुंबीच्या बाजूला पाऊस असा कोसळतो की समोरचं दिसत नाही, आणि ओल्या पानांवर लहान चाकं लवकर घसरतात. पण रेल्वेने ईशान्येकडे गेलं की पाऊस झपाट्याने कमी होतो. म्हणून येत्या ऑगस्टात घटप्रभा स्टेशनला उतरून गोकाकचा धबधबा बघायचा बेत आहे. 52 मीटरवरून पडणारं पाणी तेव्हाच भरलेलं असतं. आठपैकी सहा नावं आलीत. दोघं नवीन आहेत, त्यांच्या सायकली शनिवारी संध्याकाळी आमच्या पार्किंगमध्ये येणार आहेत. मामा बिजागऱ्या बघायला येतो म्हणालेत.