लुखाचं निळं पाणी आणि वरचा झरा

मेघालयात शिलाँग, चेरापुंजी, दावकी सगळेच करतात, आम्हीही केलं. छान आहे, गर्दी आहे, होमस्टेवाल्यांनी जीव लावला. बास.

लिहायचंय ते जैंतिया हिल्सबद्दल. खलिहरियातच्या पुढे राष्ट्रीय महामार्ग ६ वर ट्रकांमागून रखडत सोनापूर गाठलं आणि लुखा नदी दिसताच गाडी रिकामी झाली. हिवाळ्यात ती खरंच शाईसारखी निळी होते. सेल्फी संपेनात. २००७च्या सुमारास हा रंग दिसायला लागला आणि नदीत मासे मरून पडले, एवढंच मी म्हटलं, तर म्हणे मूड घालवतोस!

दुसऱ्या दिवशी मी एकटाच ओळखीतून वरच्या एका गावात गेलो. आजूबाजूला रॅट-होल खाणी. माणूस रांगत जाईल एवढ्याच बोगद्यांतून कोळसा काढायचा. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४मध्ये यावर बंदी घातली, पण खणून ठेवलेली बिळं बंदीने बुजत नाहीत. कोळशासोबतच्या पायराइटला, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाला, हवा-पाणी मिळत राहतं, सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि लोह, सल्फेट घेऊन ते पाणी उताराला लागतं.

गावातली एक मुलगी दर महिन्याला झरा मोजते. झऱ्याचं सगळं पाणी एका पाइपात वळवलेलं. दहा लिटरची बादली खाली धरायची आणि मोबाइलवर वेळ लावायची, तीनदा, मग सरासरी. ४० सेकंद लागले तर मिनिटाला १५ लिटर. मी सुरुवात पाण्यात आम्लता मोजणारं, पेनासारखं पीएच मीटर बुडवून करणार होतो. तिने अडवलं. आधी ४ आणि ७ पीएचच्या द्रावणात मीटर जुळवायचा, "नहीं तो झूठ बोलता है, भैया." पिण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ लागतो. इथलं पाणी त्यात बसलं. खालच्या ओढ्यावर मीटर चारच्या आसपास थांबला, म्हणजे सातच्या तुलनेत हजारपट आम्लता. आणि तो ओढा अगदी नितळ! तळाचा गोटा न् गोटा दिसत होता. शेवाळ नाही, किडा नाही. आम्लात लोह विरघळून राहतं. पुढे चांगलं पाणी मिसळून आम्लता उतरली की मग दगडांवर नारिंगी थर बसतो. नितळ पाणी दिसलं की ओंजळ पुढे करायची माझी सवय तिथेच सुटली.

तिच्या वहीत पाऊस, सेकंद, पीएच, वाहकता (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज) असे रकाने आहेत. एका दिवसाच्या आकड्याला तिच्या लेखी किंमत नाही. हिवाळ्यात धार बारीक होते, आणि उन्हाळाभर खाणीत साचलेले क्षार पहिल्या जोराच्या पावसात एकदम वाहून येतात. झरा बिघडतोय का, हे वर्षावर्षांचे आकडे शेजारी ठेवले तरच कळणार. "पहली बारिश में आइए," म्हणाली. येतो म्हणालो खरा, पण त्या चिखलाच्या रस्त्याने, ट्रकांच्या मागे, भर पावसात? माझी तयारी नाही. तिला मात्र त्याच दिवशी जावं लागतं.