रंकाळ्यावरची तालीम आणि समुद्र

सोमवार, रात्री उशिरा

जेवणं झाल्यावर कुणकेश्वरच्या समुद्रकिनाऱ्याचे फोटो संगणकावर घेतले आणि रंकाळा तलावाचे जुनेही उघडून बसलो. कोल्हापूरला समुद्र नाही, चौपाटी तेवढी आहे. त्यामुळे अंधुक उजेडातली माझी सगळी तालीम तलावातल्या संध्यामठाकडे तोंड करून झालेली. तिथे शटर तीस सेकंद उघडं ठेवा नाहीतर दोन मिनिटं, फारसा फरक पडत नाही. बारीक लहरी पुसल्या जातात, पलीकडच्या दिव्यांचे पट्टे पाण्यात सरळ खाली उतरतात. फोटो देखणा येतो आणि आपल्याला सगळं जमलंय असं वाटायला लागतं.

समुद्र असं वाटू देत नाही. अर्ध्या सेकंदात लाट फुटताना दिसते. एक-दोन सेकंद दिले तर मागे फिरणारं पाणी वाळूवर पांढऱ्या रेघा ओढत जातं. तीस सेकंदांत मात्र कितीतरी लाटा एकावर एक चढतात आणि खडकांभोवती नुसतं दूध साचतं. लोकांना हे दूध फार आवडतं. मलाही आवडायचं. आता वाटतं, एवढा धडका देणारा समुद्र, त्याचा जोर गेला कुठे?

पण अंधारात एक सेकंद महाग पडतो. सूर्य बुडाल्यावर आपल्याकडे कामाचा उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. सुरुवातीला एफ ११ (भिंगाचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, लहान) आणि आयएसओ १०० (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता कमी) ला एक पंधरांश सेकंद पुरतो. त्यावर दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी गडद काच, चढवला (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) की तोच फोटो मिनिटभराचा होतो. शेवटी शेवटी फिल्टर काढूनही तीस सेकंद लागतात. तिथून एका सेकंदावर यायचं तर पाच स्टॉप कुठून तरी आणायचे: अ‍ॅपर्चर मोठं करून एफ ४, आयएसओ वाढवून ४००. फोटोत थोडे दाणे येतात, पुढचा खडक जरा मऊ, अस्पष्ट होतो. येऊ देत. दुधापेक्षा दाणे परवडले.

फोटोतले नकोसे ठिपके पुसणारं नॉइज रिडक्शनही बंदच ठेवलं होतं. नाहीतर तीस सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर मिटून स्वतःसाठी एक काळा फोटो काढत बसतो, आणि तेवढ्यात आकाशाचा निळा उतरतो.

मेहुणा गाडीला टेकून उभा. "दाजी, अंधार पडला की! आता काय दिसतंय त्यात?"

"कॅमेऱ्याला दिसतंय."

"कॅमेऱ्याला करूळ घाट चढायचा नाही. मला चढायचाय."

त्याचंही खरं होतं. तरी खडकावर तिपाई पक्की बसली होती, ते सोडवेना. वाळूत ती ठरत नाही. प्रत्येक लाट पायांखालची वाळू काढून नेते आणि उघड्या शटरखाली क्षितिज हळूच कलतं.

निवडलेले एक सेकंदाचे फोटो मघाशी मेहुण्याला पाठवले, सोबत तुलनेला म्हणून एक तीस सेकंदांचा. पठ्ठ्यानं स्टेटसला नेमका दुधाचाच लावलाय.