बॉल हातात नसलेल्या चौघी

गुरुवार, रात्र

आजही आमचं बास्केटबॉलचं कोर्ट बंद. सिमेंटवर शेवाळ धरलंय, त्यावर मुलींना जोरात पळून अचानक वळायला लावणं म्हणजे गुडघे आणि मनगटं धोक्यात घालणं. म्हणून सराव शाळेच्या सभागृहात. तिथे रिंग नाही, बोर्ड नाही, आणि ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत नेणं, सुरू झालं की आवाजाची तक्रार येते. पण पाऊस लागल्यापासून मला ही जागा मनापासून आवडायला लागली आहे. रिंगच नाही म्हटल्यावर शॉट मारायची घाई कुणाला नसते. उरतो तो फक्त पास, आणि पास दिल्यावर आपण कुठे जायचं हा प्रश्न. मोशन ऑफेन्स, म्हणजे ठरलेल्या चालींशिवाय पास देत आणि जागा बदलत केलेला हल्ला, तिथूनच सुरू होतो.

जमिनीवर खडूनं पाच खुणा केल्या आहेत. रिंगसमोर मधोमध टॉप, त्याच्या दोन्ही बाजूंना विंग, आणि टोकाला दोन कॉर्नर. समोरच्या भिंतीवरचा चिकटपट्टीचा चौकोन ही रिंग. नियम अगदी थोडे सांगितले. पास दिलास की रिंगकडे कट मार, म्हणजे एकदम आत पळ. शेजारची जागा रिकामी झाली की तू तिथे सरक. आणि तुझी डिफेन्डर, म्हणजे तुला अडवणारी मुलगी, पासच्या वाटेत हात घालून उभी असेल तर आणखी बाहेर येऊन बॉल मागू नकोस, तिच्या पाठीमागून आत घुस. ठरलेली चाल एकही दिलेली नाही, आणि या वर्षी देणारही नाही.

मुलींना पहिल्यांदा हे फार अवघड गेलं. पास दिला की प्रत्येक जण माझ्याकडे बघायची. “ताई, आता मी कुठे जाऊ?” उत्तर मला माहीत असतं, जिभेवरही येतं. पण मी सांगत राहिले तर त्यांचे डोळे कायम माझ्यावर राहतील, आणि सामन्यात बघायचं असतं समोरच्या डिफेन्डरकडे. म्हणून मी उलट विचारते, “तुझी डिफेन्डर कुठे आहे?” आता विचारणं बरंच कमी झालंय.

रिकामी जागा भरायची सवय लागली ती खो-खोमुळे. आमच्या शाळेत खो-खो न खेळलेली मुलगी नाही. खो दिला की देणारीनं उठलेलीच्या जागेवर बसायचं, जागा रिकामी ठेवायची नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. “तसंच,” म्हटलं, “फक्त इथे खो ऐकू येणार नाही. जागा रिकामी झालेली आपणच बघायची.” त्या दिवसापासून विंगवरची मुलगी कट मारून गेली की कॉर्नरमधली आपणहून वर सरकायला लागली. खो-खोचे पहिले नियम १९१४ साली आपल्या डेक्कन जिमखान्यानंच केले. त्याच जिमखान्यावर आज बास्केटबॉलही जोरात चालतं. पुण्याच्या मुलींना हे दोन खेळ एकमेकांत मिसळता यावेत हे मला फार योग्य वाटतं.

अंतराचं मात्र रोज सांगावं लागतं. पाचही जणींना तीन गुणांच्या रेषेवर, म्हणजे रिंगपासून ६.७५ मीटरवर, पसरून उभं केलं तर दोघींमधलं अंतर सहा मीटरच्या आसपास जातं. सातवी-आठवीतल्या मुलीचा पास तेवढ्या अंतरावर तरंगत जातो आणि मध्येच कापला जातो. म्हणून मी सगळ्यांना एक पाऊल आत घेते. दोन-तीन पावलं मात्र नाही, कारण मग एकच डिफेन्डर दोघींना सांभाळते आणि कट मारायला जागाच उरत नाही. कट मारूनही पास आला नाही तर रिंगखाली रेंगाळायचं नाही, रिकाम्या कॉर्नरमधून बाहेर पडायचं. रिंगखालच्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही हा नियम आहेच. पण त्याहून मोठं कारण हे की ती आत उभी राहिली तर तिची डिफेन्डरही आतच राहते आणि पुढच्या कटची वाट बंद होते.

आज तीन विरुद्ध तीन खेळवलं, ड्रिबल पूर्ण बंद. आठवीतली एक मुलगी आहे, उंचीनं सगळ्यांत लहान. ड्रिबल अजून कच्चं आहे, त्यामुळे एरवी तिच्याकडे बॉल फारसा जात नाही. ती विंगवर होती. बॉल टॉपला गेला. तिनं बाहेर एक पाऊल टाकलं, डिफेन्डर मागोमाग आली, आणि ही तिच्या पाठीमागून आत. पास बरोबर हातात. बॉल भिंतीच्या चौकोनावर आपटला तेव्हा बाहेर बसलेल्या मुली ओरडल्या. मी विचारलं, “कसं कळलं?” ती म्हणाली, “ताई, तिची मान बॉलकडे वळली होती.”

डिफेन्डरची मान बघ हे मी तिला कधी सांगितलेलं नव्हतं. घरी येईपर्यंत मला त्याचाच आनंद होता.

एका सामन्याच्या वेळी एक जुने प्रशिक्षक मला कळकळीनं म्हणाले होते, “शाळेच्या सामन्यांना एवढं कशाला? उंच मुलगी रिंगखाली उभी कर, बॉल वर टाक, जिल्हा जिंकशील.” जिंकता येतं, हे खरंच आहे. चौदा वर्षांखालच्या गटात एक उंच मुलगी सामना फिरवते. पण मला काळजी त्या उंच मुलीचीच वाटते. सतरा वर्षांखालच्या गटात जाईपर्यंत बाकीच्या तिच्याएवढ्या होतात, आणि हिला तोवर रिंगकडे पाठ करून हात वर करण्यापलीकडे काही शिकवलेलंच नसतं. आमच्याकडेही नववीत एक उंच मुलगी आहे. मोशनमध्ये तीही टॉपला येते, पास देते, कट मारते, कॉर्नरमधून बाहेर पडते. तिचे पास आता आमच्यात सगळ्यांत चांगले आहेत, कारण डिफेन्डरच्या डोक्यावरून तिला सगळं कोर्ट दिसतं.

या पद्धतीचं नाव निघालं की अमेरिकेतले प्रशिक्षक बॉब नाइट यांच्या इंडियाना विद्यापीठाच्या संघाचा दाखला देतात. १९७६ साली तो संघ ३२ पैकी ३२ सामने जिंकून विजेता झाला. अमेरिकेत पुरुषांच्या विद्यापीठ स्पर्धेच्या सर्वोच्च गटात एकही सामना न हरता विजेतेपद मिळवणारा त्यानंतर दुसरा संघ झालेला नाही. मात्र त्यांच्या वेळी शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची सेकंदांची मुदत, नव्हता. चांगला शॉट मिळेपर्यंत ते पास देत राहू शकत. आमच्या मुली उद्या वरच्या पातळीवर खेळल्या तर त्यांना २४ सेकंदच मिळणार. त्यामुळे ‘शॉटआधी इतके पास झालेच पाहिजेत’ असा नियम मी घालत नाही. पहिल्याच कटला मोकळी मुलगी दिसली तर पहिलाच पास तिला. पास मोजायची सवय लागली की मोकळी मुलगी दिसूनही दिसत नाही.

स्क्रीन, म्हणजे आपल्या मुलीच्या डिफेन्डरच्या वाटेत स्थिर उभं राहून तिला अडवणं, अजून शिकवलेली नाही. दोन मुलींनी विचारलं, त्यांनी मोबाइलवर सामने पाहिलेत. स्क्रीन लावायला एक मुलगी दुसरीजवळ जाते, बरोबर तिची डिफेन्डरही येते, आणि कष्टानं मिळवलेलं अंतर एका जागी गोळा होतं. शिवाय या वयात स्क्रीन लावताना पाय स्थिर राहत नाहीत आणि फाउल मिळतो. आधी कट मारताना मान वर राहू दे.

शनिवारी वक्तृत्व स्पर्धा आहे, सभागृह मिळणार नाही. ऊन पडलं तर शिपाईकाकांना सांगून कोर्टाचा एक अर्धा भाग ब्लीचिंग पावडर टाकून घासून घेणार. तेवढाच पुरे. चार विरुद्ध चार, ड्रिबल एकदाच, तेही रिंगकडे जाण्यासाठीच. आठवीतल्या त्या मुलीला या वेळी टॉपला ठेवणार आहे. मान वळलेली तिला दिसते, आता तिथून पास देता येतो का ते बघायचंय.