विचारलंस ना? मग थांब की

पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात मी सिस्टर इन्चार्ज आहे. नाश्त्याआधी अठरा जणांचं स्पंज, डायपर, कपडे उरकायचे आणि हाताशी दोन मावशी. गेल्या आठवड्यात त्यातल्या एक रजेवर गेल्या, म्हणून आजींची खाट माझ्याकडे आली.

आजी साताऱ्याकडच्या. पक्षाघाताने डावी बाजू गेलेली. चार्टवर त्यांच्यापुढे महिनोन्महिने एकच नोंद, 'प्रतिसाद कमी'. अक्षर माझंच.

लुळ्या बाजूच्या माणसाचे कपडे बदलणं शिकावं लागतं. काढताना चांगला हात आधी, लुळा शेवटी, घालताना उलट. लुळ्या खांद्याला ओढ बसता कामा नये, सांधा सरकतो. हे काम माझ्याइतकं सफाईने इथे कुणी करत नाही. त्या दिवशीही, "आजी, आधी चहा की आधी स्पंज?" म्हणत मी उजवी बाही उतरवायला घेतली. त्याच हाताने आजींनी माझं मनगट धरलं.

"विचारलंस ना? मग थांब की."

थांबले. शब्द जुळवायला त्यांना किती वेळ लागतो, ते पहिल्यांदा पाहिलं.

"चहा. कोरा. दुधाचा मला उतरत नाही."

त्या दिवशी आजींनी खुर्ची खिडकीशी लावून घेतली, आमटीत कुस्करलेली भाकरी संपवली, मीठ कमी म्हणून स्वयंपाकघराला निरोप धाडला.

रात्री मी जुने चार्ट काढले. रजेवरच्या मावशींच्या ड्यूटीला आजींचा कप रिकामा, इतर दिवशी अर्धा. त्या अर्ध्या कपापुढे आम्ही 'भूक मंद' लिहीत आलो.

१९७६ साली अमेरिकेत लँगर आणि रोडिन या दोघींनी एका नर्सिंग होममध्ये प्रयोग केला होता. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, हे रोप तुम्ही निवडा आणि सांभाळा. दुसऱ्या एका मजल्यावर सगळं कर्मचारी बघणार. तीन आठवड्यांत स्वतः ठरवणारी माणसं जास्त आनंदी, जास्त हालती-बोलती दिसली. हे मी वाचलेलं होतं, तरी बाही ओढतच होते.

नातेवाईक येतात ते बीपी, शुगर विचारतात. व्यवस्थापन विचारतं, स्पंज किती वाजता संपलं. आई आज कुणाशी बोलली, हे कुणी विचारत नाही, आणि चार्टवर त्याला रकानाही नाही.

मावशी सोमवारी येतील. त्या आजींच्या खाटेशी रेंगाळतात म्हणून मार्चमध्ये मी त्यांना सगळ्यांसमोर बोलले होते. तेव्हा त्या गप्प राहिल्या. कोऱ्या चहाचं का नाही सांगितलं, असं विचारायला तोंड उघडतं, पण ते ऐकून घ्यायला मी तेव्हा थांबले नव्हते.