ड्राइव्ह मोड बदलल्यावर गाडीत नेमकं काय बदलतं: माझा अनुभव

इको, नॉर्मल, स्पोर्ट असे ड्राइव्ह मोड बटणाने निवडले की गाडीचा स्वभाव बदलतो, आणि स्पोर्ट मोड लावला की गाडी जास्त पळते असं वाटतं. त्यात खरं किती आणि पायाला होणारा भास किती, हे बघण्यासाठी मी ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायच्या सॉकेटला, ब्लूटूथ रीडर लावून मोड तपासले. हा पोर्ट बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी असतो. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये पाचच आकडे लावायचे: अ‍ॅक्सिलरेटर पेडलची स्थिती, थ्रॉटलची (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची) स्थिती, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), वेग आणि इंजिन लोड (इंजिन आपल्या क्षमतेच्या किती टक्के जोर लावतंय). साधा रीडर आकडे एकामागून एक वाचतो, त्यामुळे यादी वाढवली की नोंदी विरळ होतात. गाडी चालवताना मोबाईलकडे बघायचं नाही. लॉग सुरू करायचा आणि नंतर वाचायचा.

इंजिन पूर्ण गरम हवं, कूलंट ९० अंशांच्या आसपास. इंजिन गार असताना बरेच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कुठल्याही मोडमध्ये वरचा गिअर उशिरा टाकतात, आणि मग तुलनेला अर्थ उरत नाही. टायरची हवा तपासलेली, एसी बंद, रस्ता मोकळा आणि सपाट. प्रत्येक मोडमध्ये दोन्ही दिशांना जायचं, नाहीतर वारा आणि डोळ्याला न दिसणारा चढ मोडच्या नावावर खपतो.

आधी पेडल. हल्लीच्या गाड्यांत पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबल नसते. पेडलचा सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, व्होल्टेज पाठवतो आणि किती ताकद द्यायची ते ईसीयू ठरवतो. मोड बदलला की हा हिशेब बदलतो. (पाय पेडलवर नसताना अ‍ॅपमध्ये शून्याऐवजी पंधराच्या आसपास आकडा दिसला तर घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत तो तसाच येतो.) पेडल पाव भाग दाबून धरलं की स्पोर्टमध्ये थ्रॉटल जास्त उघडतो, इकोमध्ये कमी. पेडल तळाला टेकवलं की मात्र बहुतेक पेट्रोल गाड्यांत सगळे मोड एकाच जागी येतात, कारण इंजिनाची कमाल ताकद तीच राहते. अपवाद आहेत: अनेक इलेक्ट्रिक आणि काही टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या) गाड्यांत इको मोड खरोखरच ताकद कापतो. डिझेलमध्ये थ्रॉटलच्या आकड्यावर जाऊ नका. तिथे ताकद इंधनाच्या मात्रेवर ठरते, म्हणून लोड बघायचा. टर्बो पेट्रोललाही लोडच जास्त खरं सांगतो.

खरा फरक गिअरबॉक्समध्ये आहे. ताशी ६० किमीला इकोमध्ये गाडी वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमच्या आसपास रेंगाळत असेल, तर स्पोर्टमध्ये तीच गाडी एक-दोन गिअर खाली राहते. ओव्हरटेकला पाय दाबला की इकोमध्ये आधी दोन-तीन गिअर उतरतात, मग टर्बोचा दाब तयार होतो, तेव्हा कुठे गाडी उचलते. स्पोर्टमध्ये ही तयारी आधीच झालेली असते. हे पटवून घ्यायचं तर इकोमध्येच राहून स्टीअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पॅडलने दोन गिअर उतरवा आणि मग जोरात पेडल दाबा. स्पोर्टचा बराचसा रुबाब तिथेच उतरतो. मॅन्युअल गाडीत गिअर तुमच्याच हातात असतो, त्यामुळे मोडचा परिणाम मुख्यतः पेडलपुरता जाणवतो.

इकोची अडचण चढावर होते. भरलेली गाडी कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये ओढली की इंजिन घुसमटतं आणि थरथरतं, छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाला तर हे मुळीच मानवत नाही. अशा वेळी नॉर्मलवर यावं. उतारावर आणखी एक गोष्ट बघायची: काही गाड्या इकोमध्ये पाय उचलला की क्लच सोडून इंजिन चाकांपासून वेगळं करतात, मग इंजिन ब्रेकिंग (इंजिनाच्या विरोधाने वेग कमी होणं) मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उताराला खालचा गिअर स्वतः टाकलेला बरा.

स्टीअरिंग स्पोर्टमध्ये जड होतं कारण इलेक्ट्रिक मोटर मदत कमी करते. पण स्टीअरिंग किती फिरवल्यावर चाकं किती वळतात हे गुणोत्तर बहुतेक गाड्यांत तेच राहतं. गाडी उभी असताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे लागतात ते मोजा, दोन्ही मोडमध्ये सारखेच येतील. सस्पेन्शन कडक व्हायला अ‍ॅडॅप्टिव्ह डॅम्पर, म्हणजे कडकपणा बदलता येणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, लागतात. ते नसतील तर सस्पेन्शनमध्ये काहीच बदलत नाही.

मायलेजचा हिशेब स्क्रीनवरच्या सरासरीवर नको. टाकी पहिल्या कटऑफपर्यंत (पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत) भरायची, पुढच्या वेळी तशीच भरायची आणि लिटरला किलोमीटर काढायचे. ताशी ८० च्या स्थिर वेगाला, तोच गिअर आणि एसी तसाच असेल तर मोडने जवळपास फरक पडत नाही, कारण हवेचा आणि टायरचा विरोध मोड बघत नाही. इको वाचवतो तो थांबत-निघत चालणाऱ्या रहदारीत, आणि अनेक गाड्यांत एसीच्या कॉम्प्रेसरचं काम कमी करून.

स्नो मोड पेडल मऊ करतो आणि बऱ्याच गाड्यांना दुसऱ्या गिअरमध्ये निघायला लावतो, म्हणून ओल्या, निसरड्या चढावर तो कामाचा. सँड मोड उलट चाकं थोडी फिरू देतो आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागीच फिरणं रोखणारी यंत्रणा) ढिला सोडतो. वाळूतून डांबरी रस्त्यावर येताच तो काढा. गाडी पुन्हा चालू केली की अनेक मॉडेल आपोआप नॉर्मलवर येतात, पण सगळी नाही. प्रत्येक गोष्ट वेगळी निवडू देणारा इंडिव्हिज्युअल मोड असेल तर गिअरबॉक्स स्पोर्टला आणि स्टीअरिंग नॉर्मलला ठेवावं. रोजच्या वापरात जड स्टीअरिंग हातांना फक्त थकवतं.