फिटर ट्रेड ते अप्रेंटिसशिप: माझा अनुभव

२०२१ ला दहावी झाले. परीक्षा न होताच निकाल लागलेली आमची बॅच. घरी माण तालुक्यातली कोरडवाहू शेती, धाकटा भाऊ शिकणारा. लवकर हाताला काम हवं होतं म्हणून आयटीआयचा ऑनलाइन फॉर्म भरला आणि पहिला पर्याय फिटरचा, म्हणजे यंत्रांचे भाग घडवून जुळवण्याच्या ट्रेडचा (अभ्यासक्रमाचा) टाकला. फॉर्म भरून देणारे दादा म्हणाले, "ताई, मुली कोपा, म्हणजे कॉम्प्युटरचा ट्रेड घेतात, नाहीतर ड्रेस मेकिंग. फिटर नक्की ना?" आयटीआयच्या जागांत मुलींसाठी ३० टक्के आरक्षण आहे, त्यामुळे पहिल्याच फेरीत नंबर लागला. वर्गात मात्र आम्ही मुली दोघीच.

सुरुवातीला नुसतं फायलिंग, म्हणजे कानशीने धातू घासणं. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये (शेगड्यात) धरायचा, फाइल मारायची, मग ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून उजेडाकडे धरायचा. पात्याखालून उजेड दिसला की परत व्हाइसमध्ये. तळहाताला फोड यायचे. पुढे मेल-फिमेल फिटिंगचा जॉब आला. दोन तुकडे एकमेकांत अलगद सरकायला हवेत आणि फट तर राहता कामा नये. तो जमला तेव्हा आधीच्या घासाघाशीचं मोल कळलं. व्हर्निअर या मोजमापाच्या साधनावर ०.०२ मिलिमीटरपर्यंतचं माप बिनचूक वाचता येणं ही माझी पहिली खरी कमाई.

पैशाचं सांगते, कारण कोण शिकणार आणि कोण मधेच सोडणार हे तिथेच ठरतं. पात्र प्रशिक्षणार्थींना सरकारकडून महिन्याला ४० रुपये विद्यावेतन होतं. २०२३ मध्ये ते ५०० करण्याचा निर्णय झाला. ४० रुपयांत एसटीचं एका दिवसाचं जाणं-येणंही भागत नाही. आमच्या वर्गातली हुशार मुलं पहिल्याच वर्षी गळाली. त्यांतला एक गोदामात माल चढवायला लागला, कारण तिथे आठवड्याला रोख मिळायची.

आयटीआय पास झाल्यावर अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत विद्यावेतनावर काम शिकणं. केंद्राच्या पोर्टलवर नोंदणी, आधार जोडलेलं बँक खातं, मग कंपनीशी करार. मुळात अप्रेंटिस कायदा १९६१ चा. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. त्या नियमांत आयटीआयवाल्यांना किमान विद्यावेतन ७,००० रुपये होतं. मला आठ हजारांच्या आसपास ठरलं. त्यातला १,५०० पर्यंतचा केंद्राचा वाटा ऑगस्ट २०२३ पासून थेट आपल्या खात्यावर येतो.

चाकणला तिघींनी मिळून खोली घेतली. भाडं आणि मेस गेल्यावर घरी पाठवायला काही उरत नव्हतं. आणि काम? मला आधी असेंब्ली लाइनवर उभं केलं. तेच चार बोल्ट, तीच गन, सगळी शिफ्ट. करारावर ट्रेड फिटर, हातात फिटरचं काहीच नाही. शेजारी ठेकेदाराकडून आलेला हेल्पर, कोणतंही प्रशिक्षण न घेतलेला, माझ्यापेक्षा बरेच जास्त पैसे घरी नेत होता. कारण कायद्याच्या कलम १८ प्रमाणे अप्रेंटिस हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. आरोग्य, सुरक्षा अशा काही बाबी सोडल्या तर त्याला कामगार कायदे लागू नाहीत. शिकवणार असाल तर हे मी मान्य करते. पण शिकवणं काढून घेतलं तर उरते ती फक्त स्वस्त मजुरी, आणि याची मला अजूनही चीड येते.

कामाची नोंदवही आम्हाला रोज भरावी लागायची. लाइनवरून सांगितलं जायचं, 'असेंब्लीचा सराव' असं लिही. मी जे केलं तेच लिहायचे, 'बोल्ट टाइटनिंग', पानामागून पान. ती वही मेंटेनन्सच्या एका काकांच्या नजरेस पडली. निवृत्तीला आलेले फिटर. त्यांनी साहेबांकडे जाऊन मला मागून घेतलं. त्यांच्याकडे बेअरिंग काढायला-बसवायला शिकले, डायल गेज लावून शाफ्टचा रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो, हे बघायला शिकले. मोटरला हात टेकवून, "इथे गरम आहे, इथे नाही, सांग का?" असं विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. असं थांबायला वेळ असलेला माणूस लाइनवर कुणी नव्हता.

२०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणात एक तुलना दिली आहे. औपचारिक प्रशिक्षण घेतलेलं मनुष्यबळ भारतात ४.६९ टक्के, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. हे अंतर कमी करायचं म्हणून जागा वाढवतात, प्रमाणपत्रं वाढवतात. मी लाइनवरच राहिले असते तरी कागदोपत्री कुशल म्हणूनच मोजली गेले असते. देशाच्या आकड्यात भर पडली असती, पण मशीन बंद पडल्यावर दुरुस्त करणारं माणूस वाढलं नसतं. काकांसारखे फिटर निवृत्त होताहेत. त्यांच्याजवळ बसून शिकायला अप्रेंटिसला वेळ द्यावा लागेल आणि तेवढा काळ खोलीभाडं भागेल इतके पैसेही. मे २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने विद्यावेतनात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. ती मला मोठी गोष्ट वाटते, कारण सात-आठ हजारांत चाकणला मुलगी पाठवायची म्हटलं की गावाकडचे आईवडील सरळ लग्नाचं बघतात.

परीक्षा दिली, राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळालं. त्या कंपनीने कायम केलं नाही. तसं बंधन कायद्यात नाहीच. भोसरीच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यांची हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये लागले. तिथे मुलाखतीत प्रमाणपत्र बघण्याआधी मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात दिला.

यंदा मामाच्या मुलीने मशिनिस्ट ट्रेड पूर्ण केला. तिला सांगितलंय: करार नीट वाच, ट्रेडचं नाव, कालावधी, विद्यावेतन बघ. कोणत्या विभागात किती आठवडे देणार ते पहिल्या दिवशी विचार. नोंदवहीत केलेलंच काम लिही. ओव्हरटाइमला नाही म्हण, अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या (सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय तो देता येत नाही. आणि डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाच्या तारखांवर लक्ष ठेव, आयटीआयवाल्यांना तो रस्ता खुला आहे. मीही त्याच फॉर्मची कागदपत्रं जमवतेय.