यादीत दिसणारे नाव शोधल्यावर का सापडत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीची सभासदांची नोंद असलेले वेब ॲप मी सांभाळतो, आणि कापसाचा हंगाम सुरू झाला की काट्यावरून हमखास फोन येतो: "भाऊ, यादीत तं नाव दिसून राह्यलं, मंग शोधल्यावर काऊन नाई सापडत?"

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा मी कोडमध्येच चूक शोधत बसलो आणि त्यात अर्धा दिवस गेला. शेवटी डेटाबेसकडे प्रत्यक्ष गेलेली क्वेरी (म्हणजे शोधाची आज्ञा) लॉगमधून, म्हणजे ॲपच्या नोंदवहीतून काढली, तर तिच्यात काहीच वावगे नव्हते. मात्र 'वऱ्हाडे' हे आडनाव यादीतून कॉपी करून टाकले की नोंद मिळे आणि तेच हाताने टंकले की एकही ओळ येत नसे. मग दोन्हींची लांबी मोजून पाहिली: हाताने टंकलेल्या नावात ७ चिन्हे निघाली, साठवलेल्या नावात ८.

मराठीतला हा अर्धा 'ऱ' युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या प्रमाणात, दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ०९३१ क्रमांकाचा स्वतंत्र 'ऱ' आणि त्याला हलन्त असतो; इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत शिफ्टसह 'र'ची कळ दाबली की हाच 'ऱ' उमटतो. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे २००डी क्रमांकाचे न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पोस्टग्रेस हा आमचा डेटाबेस नेहमीच्या मांडणीत बाइटला बाइट जुळतो का एवढेच पाहतो. युनिकोडचे प्रमाणित नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची पद्धत) या दोघांना एक करत नाही, हे मला फार उशिरा कळले. वऱ्हाडात बसून 'वऱ्हाड' हाच शब्द शोधता येऊ नये, याचे हसू आले आणि रागही आला.

त्या रागाच्या भरात मी सगळी अदृश्य जोडचिन्हे सरसकट काढून टाकली, आणि 'वऱ्हाडे' यांचे 'वर्हाडे' झाले. बॅकअप होता म्हणून निभावले. आता मूळ नावाला हात न लावता शोधासाठी वेगळा स्तंभ ठेवला आहे. त्यात आधी 'र', हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी 'ऱ' व हलन्त येतो आणि त्यानंतरच उरलेली जोडचिन्हे काढली जातात. शोधणाऱ्याने टंकलेला मजकूरही याच फंक्शनमधून जातो. मूळ नाव बदलायचे नाही, कारण सातबारा आणि बँक पासबुकाशी ताडून पाहिले जाते ते तेच.

एवढे करूनही काही सभासद सापडत नव्हते, मग नाव कुठल्याही कीबोर्डवरून टंका. त्यांच्या वडिलांचे किंवा पतीचे नाव भरलेलेच नव्हते, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत ते 'नल' होते. डेटाबेसमध्ये दोन उभ्या रेषांच्या (||) चिन्हाने नावाचे तुकडे जोडून पूर्ण नाव तयार करताना एक तुकडा जरी नल असला तरी सगळे नावच नल होते आणि ते कोणत्याही शोधाशी जुळत नाही. तिथे नलच्या जागी रिकामा मजकूर धरला की काम झाले; ही दुरुस्ती एका ओळीची होती.

म्हणून काट्यावरच्या मंडळींना एकच विनंती आहे: नाव सापडले नाही तर पडद्याचा फोटो न पाठवता यादीतले नाव कॉपी करून पाठवा, कारण फोटोत २००डी दिसत नाही.